बारा सर्व्हर आणि एक वैयक्तिक सोय

६ जानेवारी, सोमवार. कुरखेडा
पोचलो. आजपासून रोजनिशी लिहायची, रोज, कितीही दमलो तरी. मोठ्या कामाची सुरुवात लिहून ठेवलेली बरी.

काम असं. इथल्या वनोपज संघाच्या जुन्या धानाच्या गोदामात बारा नवे सर्व्हर बसवायचे. गावागावांतून मोह, हिरडा, डिंक गोळा होतो, त्याचा हिशेब यापुढे त्यांच्यावर चालेल. खरी गंमत पुढे आहे. एकाही मशीनमध्ये हाताने काही भरायचं नाही. बटण दाबलं की कोरं मशीन नेटवर्कवर ओरडून विचारतं, मी कोण, माझं सामान कुठे आहे? आमचं मुख्य मशीन उत्तर देतं आणि सामान पाठवतं. बाकी सगळं आपोआप. इंजिनिअरने फक्त बघायचं. बघण्यात माझा हातखंडा आहे.

२४ तारखेला उद्घाटन. विक्की सर, म्हणजे आमच्या चंद्रपूरच्या कंपनीचे मालक, निघताना म्हणाले, अश्वजित, हे जमलं तर तू गडचिरोली विभागाचा प्रमुख. आणि नाई जमलं तर बल्लारपूरले प्रिंटरमंदी टोनर भरशीन. दुसरं वाक्य गमतीत होतं. केबिनच्या पाटीचा नमुना बसमध्येच पसंत केला. पितळी.

स्वागत जोरदार झालं. बसमधून उतरतो न उतरतो तोच एका गृहस्थाने लांबून हाक मारली, इंजिनिअर साहेब का जी? हो म्हटलं. मोटरसायकलवर बसवून थेट घरी नेलं. नाव सोमाजी. आंघोळीला गरम पाणी, जेवायला कोंबडीचा रस्सा आणि तांदळाची भाकर. विचारत होते, साहेब, किती मोठं लावता? म्हटलं, गावाच्या गरजेप्रमाणे. फार खूश झाले. या भागात तंत्रज्ञानाची इतकी कदर असेल असं वाटलं नव्हतं.

७ जानेवारी
किरकोळ घोटाळा उघडकीस आला. इथे सध्या नाटकांचे दिवस आहेत. सोमाजी नाटक मंडळाचे आहेत आणि वडशाच्या नाटक कंपनीचा साउंड इंजिनिअर काल येणार होता. त्याला घ्यायला ते आले होते. मला घ्यायला संघाचे अध्यक्ष पत्रूजी जीप घेऊन उभे होते. त्यांनी हाक मारली, इंजिनिअर साहेब, तेव्हा साउंडवाला जाऊन जीपमध्ये बसला. माझ्यासाठी राखलेल्या एसी खोलीत तो झोपला.

पत्रूजींना सकाळी कळलं. म्हणाले, पण कालचे इंजिनिअर लय समजावून सांगत होते जी. दोन मोठे समोर, दोन मांगं.

यात माझी चूक नाही. पहिल्या हाकेला ओ देणं ही नम्रता आहे.

एसी खोलीत सामान हलवलं. गोदामात कोपऱ्यात मला टेबल दिलं आहे. मोबाइलला मात्र एकच दांडी. मी दूरदृष्टीने घरचा सिमवाला राऊटर आणला होता, तो खिडकीत ठेवला. छान चालतो. त्याच्यासोबत एक वायर होती, तिचं दुसरं टोक स्विचमध्ये, म्हणजे सगळ्या सर्व्हरच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्यात, खोचून दिलं. रिकामं भोक बरं दिसत नाही. धुळीपासून रक्षण म्हणून वर माधवीचा जुना दुपट्टा टाकला. तोही चुकून बॅगेत आला होता.

माधवीला राऊटर आणल्याचं सांगायचं राहिलं. बायको समजूतदार आहे.

८ जानेवारी
बटण दाबलं. बाराही मशीन उठली, नेटवर्कवर विचारलं आणि स्क्रीनवर इंग्रजीत एकच ओळ आली: नो बूट फाइलनेम रिसीव्ड. म्हणजे पत्ता मिळाला, पण सामान कुठून आणायचं ते कोणी सांगितलं नाही.

निदान: प्रवासाचा शीण. वडसा ते कुरखेडा रस्ता मी स्वतः अनुभवला आहे. मशीनना एक दिवस विश्रांती दिली. मीही घेतली.

९ जानेवारी
शीण गेलेला नाही. तीच ओळ.

रोशनीला फोन केला. ही आमच्या ऑफिसात नेटवर्क बघते. माझ्याहून ज्युनिअर, वडशाकडचीच. मदत म्हणून नाही, तिला शिकायला मिळावं म्हणून केला. तिने पहिला प्रश्न विचारला, सर, त्या स्विचवर दुसरा राऊटर तर नाई ना लागला? नाही म्हटलं. योग्यच म्हटलं. खिडकीतला राऊटर नाही, ती वैयक्तिक सोय आहे. फक्त वायर जाते.

तरी म्हणे, एकदा वायरी हातानं धरून पाहा. हाताने धरून पाहायचं असतं तर ऑटोमेशन कशाला आणलं असतं?

११ जानेवारी
यश! सातव्या क्रमांकाचं मशीन सुरू झालं. सामान आलं, भरलं, हिरवा दिवा. बाकीची नाहीत. खूप विचार केला. मशीन सगळी सारखी, मग फरक कशात? जागेत. सातव्या खणात गुण आहे. उरलेली मशीन एकेक करून काढून सातव्या खणात बसवली. एकही चाललं नाही, आणि सुरू झालेलं मशीन खाली ठेवताना निसटलं. आता तेही चालत नाही.

कंबर धरली आहे. संकल्प: उद्यापासून सूर्यनमस्कार.

माधवीचा फोन. राऊटर कुठी गेला म्हणे. घरी ती दहावीच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेते, ती अडली आहे. दुरुस्तीला दिलाय म्हणून सांगितलं. खोटं नाही म्हणता येणार. एका इंजिनिअरच्या टेबलाजवळ आहे.

१२ जानेवारी
सूर्यनमस्कार कंबरेमुळे रद्द.

१४ जानेवारी, दुपारी
शोध लागला!! सकाळी वीज गेली. सर्व्हर आणि स्विच बॅटरीवर होते म्हणून चालू राहिले, माझं इंटरनेट तेवढं गेलं. मी उगाच बटणं दाबली आणि काय आश्चर्य, मशीन पटापट सुरू व्हायला लागली. पडलेलं सोडून बाकीची अकरा होती, त्यातली नऊ झाली. तेवढ्यात वीज आली आणि उरलेल्या दोघांवर पुन्हा तीच ओळ.

निष्कर्ष स्वच्छ आहे. ही मशीन अंधारात चालतात. पत्रूजींना सांगितलं. ते म्हणाले, असं कसं होईन जी? शास्त्र सामान्य माणसाला पटायला वेळ लागतो.

संध्याकाळी
शास्त्रीय प्रयोग म्हणजे पुन्हा करून बघणं. म्हणून सुरू झालेली नऊही पुसून कोरी केली. ट्यूबलाइट बंद, खिडक्यांना पोती लावली. पत्रूजींनी टॉर्च धरला. राऊटरचा हिरवा दिवा डोळ्यांत येत होता, त्यावर दुपट्टा नीट ओढला.

एकही चाललं नाही. पत्रूजी टॉर्च ठेवून घरी गेले. अंधार पुरेसा नव्हता.

१६ जानेवारी
रोशनीने फोन केला. मी केला नव्हता. म्हणाली, सर, तुमच्या कुरखेड्याले नाटकाच्या दिवशी पाव्हने येते ना, तसं आहे पाहा हे. पाव्हना बसमधून उतरते, त्याले काही मालूम नाई. जो पहिले हाक मारते त्याच्या घरी जाते. मंग त्या घरी त्याच्यासाठी सयपाक असो का नसो. तुमचं मशीन हाक ऐकून कोन्या भलत्याच्याच घरी जाऊन राह्यलं. तिथी त्याले पत्ता भेटते, जेवन नाई भेटत.

नाटकाचं मी विचारलंच नव्हतं. पण एक गोष्ट मान्य करायला हवी, तिच्या बोलण्यातून मलाच दिशा सापडली. नेटवर्कवर कोणीतरी आमच्या मुख्य मशीनच्या आधी उत्तर देतंय. म्हणजे कोणीतरी मुद्दाम ढवळाढवळ करतंय. घातपात!

संशयित: साउंडवाला. एसी खोली गेल्याचा राग.

लगेच विक्की सर आणि पत्रूजी दोघांना मेल टाकला. मसुदा चार वेळा सुधारला. शेवट इथे उतरवून ठेवतो, कारण असं रोज सुचत नाही: "या प्रकल्पाच्या नेटवर्कमध्ये जो कोणी परस्पर लुडबुड करत आहे, तो कोणीही असो, त्याची कोणतीही भीड न बाळगता त्याला या कामावरून तात्काळ दूर करावे, अशी माझी ठाम शिफारस आहे."

सरांचं उत्तर आलं, करेक्ट. एका शब्दात. वजन पडलं म्हणायचं.

१८ जानेवारी
मन प्रसन्न. माधवीला व्हिडिओ कॉल लावला. गोदाम दाखवलं, सर्व्हर दाखवले, खिडकीतून दिसणारी धानाच्या शेताची बांधी दाखवली. तिचा चेहरा एकदम स्थिर झाला. विचारलं, आवाज येतोय का? तर म्हणाली, तो माहा दुपट्टा होय ना?

फोन कटला. नेटवर्क असेल. पण माझ्याकडे तर चांगलं आहे.

१९ जानेवारी, रविवार
माधवी आली. चंद्रपूरहून सकाळच्या बसने निघाली, दुपारी गोदामात. मी पत्रूजींशी ओळख करून दिली, तिने त्यांना नमस्कार केला आणि ती सरळ खिडकीकडे गेली. दुपट्टा झटकला, राऊटरच्या वायरी उपटल्या, सगळं पिशवीत.

मग बोलली. तिला वाटलं होतं घरात चोरी झाली. मी दुरुस्तीचं सांगेपर्यंत शेजारच्या गुणाबाईच्या पोराले इचारून बसली, म्हणे. त्या दिवसापासून गुणाबाई माह्याशी बोलत नाई. दोन मुलींनी शिकवणी सोडली, परीक्षा तोंडावर आहे. काऊन सांगितलं नाई तुमी? एक वाक्य तं बोलाचं होतं.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. काही सुचेना म्हणून म्हटलं, जेवून जा. ती म्हणाली, पोरींची उजळणी घ्याची आहे. चहा घेतला आणि परतीच्या बसने गेली. बसला सोडायला गेलो होतो. खिडकीतून तिने हात केला नाही. पिशवी मांडीवर धरून बसली होती.

परत आलो. मन लागेना, म्हणून बटणं दाबत बसलो.

झालं!!! एक, दोन, तीन, ओळीने सगळी. पडलेल्या मशीनचीसुद्धा एक सैल वायर दाबून बसवली, तेही उठलं. बाराच्या बारा हिरवे दिवे. पत्रूजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणी आलं, त्यांच्याही.

कारण उघड आहे. मेलचा धसका. लुडबुड करणारा पळाला. आणि योगायोग बघा, आज दुपारीच साउंडवाला वडशाला परत गेला.

२० जानेवारी
रोशनीला कळवलं. तिने विचारलं, काल तिथून काही निघालं काय, सर? एखादी वस्तू, एखादी वायर? म्हटलं, फक्त बायको निघाली. तिने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. फोनवर नेट नसावं.

पत्रूजींची इच्छा आहे की उद्घाटनाला पाहुण्यांनी कोरं मशीन आपोआप भरताना बघावं. अध्यक्षांनी बटण दाबायचं आणि बाराही दिवे ओळीने लागायचे. म्हटलं, का नाही? सगळी पुसून परत कोरी केली. रोशनीने काही पुसू नका म्हणून निरोप पाठवला होता, तो नंतर वाचला.

२२ जानेवारी
पितळी पाटी आली. अक्षरं ठसठशीत. विभाग प्रमुख. खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. झोपेतून उठलं की आधी तीच दिसते.

माधवीला फोन केला. उचलला. राऊटर चालतो, म्हणाली. गुणाबाईकडे जाऊन आली, अजून बोलत नाही. मी म्हटलं, मीच येऊन गुणाबाईशी बोलेन. पाहू, म्हणाली. संकल्प: उद्घाटन झालं की पहिलं काम हे.

२३ जानेवारी
उद्या एवढे पाहुणे येणार. त्यांना मोबाइलला एक दांडी? कंपनीची काय शोभा राहील? बाजारातून नवा राऊटर आणला. हा पूर्णपणे माझा, बायकोचा नाही, तेव्हा कोणाला तक्रारीला जागा नाही. चुकांतून शिकतो तोच पुढे जातो. वायफायचं नाव ठेवलं: अश्वजित सर. वर छापील स्टिकरही लावलं, तेच नाव, मोठ्या अक्षरात, म्हणजे पाहुण्यांना विचारावं लागणार नाही. खिडकीत ठेवला. वायर स्विचमध्ये, पूर्वी होती तिथेच.

झोप लवकर घ्यावी. भाषण पाठ आहे.

२४ जानेवारी, संध्याकाळी
लिहायचं नव्हतं. पण संकल्प तो संकल्प.

मांडव भरला होता. लांबलांबच्या गावांतून मोह-हिरडा वेचणाऱ्या बाया आल्या होत्या, टोपल्यांत मोहाची वाळवलेली फुलं दाखवायला घेऊन. विक्की सर आले, रोशनीला घेऊन. साउंड त्याच साउंडवाल्याचा होता, सोमाजींनी पुन्हा बोलावून घेतला. भोंगे गोदामापासून बसस्टँडपर्यंत. दोन मोठे समोर, दोन मागे.

पत्रूजींनी बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर बारा चौकोन. बाराही चौकोनांत: नो बूट फाइलनेम रिसीव्ड.

टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, हेच दाखवायचं होतं. मी ताबडतोब माइक घेतला आणि धीर या गुणावर बोलायला लागलो. जंगल एका दिवसात वाढत नाही, सागवान बघा, वगैरे. चांगलं चाललं होतं. मध्येच साउंडवाल्याकडे बोट केलं आणि म्हटलं, काही शक्तींना हे यश बघवत नाही. तो बिचारा चमकून स्वतःच्या मागे बघायला लागला.

तेवढ्यात रोशनी उठली. स्विचपासून एकेक वायर हाताने धरून चालत गेली. मुख्य मशीनची वगळली, सर्व्हरच्या वगळल्या. एक उरली. ती भिंतीने खिडकीपर्यंत गेली, तिच्यामागून रोशनी, तिच्यामागून सगळ्यांच्या माना. तिने वायर उपटली आणि विक्की सरांना म्हणाली, आता दाबा म्हना.

पत्रूजींनी दाबलं. पहिला दिवा हिरवा. दुसरा. बाराही, ओळीने, मी सांगितलं होतं तसेच. आता खऱ्या टाळ्या पडल्या. बाया उभ्या राहून बघत होत्या. क्षणभर मलाही फार आनंद झाला, काम माझंच होतं शेवटी.

मग पत्रूजींनी खिडकीतला राऊटर उचलला. माइक त्यांच्या दुसऱ्या हातात होता. विचारलं, हा डब्बा कोनाचा होय जी?

चष्मा घरी राहिला होता त्यांचा. सोमाजी पुढे झाले. वाचून दाखवलं, माइकमध्ये, मोठ्याने: अश्वजित सर.

साउंडवाला आपल्या कामात खरंच चोख आहे. बसस्टँडपर्यंत शब्द न् शब्द गेला.

मी म्हटलं, ही वैयक्तिक सोय आहे. रोशनी हळूच म्हणाली, सर, मशीन पहिले ह्याचीच हाक ऐकत होते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पत्रूजी माझ्याकडे बघत राहिले. अंधारात टॉर्च धरून उभे होते ना माझ्यासाठी, ते आठवत असतील.

विक्की सरांनी फोन काढला, काहीतरी शोधलं, वाचलं. मग फक्त एवढं म्हणाले, तुनंच तं लिहिलं होतं, अश्वजित.

२५ जानेवारी
परतीची बस. स्टँडवर बराच वेळ उभा होतो. कोणी हाक मारली नाही.

पितळी पाटी रोशनीला देऊ केली, विभाग प्रमुख आता ती. पद तर तेच आहे, नाव तेवढं घासून घ्यावं लागेल. ती म्हणाली, राहू द्या सर, मले पाटी नाई पायजे, फक्त स्विचचं एक भोक रिकामं ठेवा.

२७ जानेवारी, सोमवार. बल्लारपूर
पहिला दिवस. टोनर भरणं वाटतं तितकं सोपं नाही. शर्ट गेला. पण यातही सुधारणेला खूप वाव आहे, एक योजना डोक्यात आहे.

सकाळी निघताना माधवीच्या सांगण्यावरून गुणाबाईच्या दारात गेलो. म्हटलं, राऊटर मी नेला होता, तुमच्या पोराने नाही. गुणाबाईने ऐकून घेतलं आणि दार लावलं. माधवीने मात्र डबा भरून दिला. राऊटर तिने कपाटात ठेवून वर कुलूप घातलं आहे, वायर फटीतून बाहेर येते.

दुपारी फावला वेळ होता म्हणून तो मेल पुन्हा वाचला. शिफारस जशीच्या तशी मान्य झाली, एक अक्षर न बदलता. नोकरीच्या इतक्या वर्षांत माझी पहिलीच. भाषा, मुद्दा, जोर, कुठे काही कमी नाही. फक्त "तो कोणीही असो" एवढे तीन शब्द गाळायला हवे होते.